किनाऱ्यावर ‘आज नाही’ म्हणणारा माणूस हवा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

विषय : आठवी ते बारावीच्या मुलामुलींची समुद्रकिनाऱ्यावरील साहस शिबिरे

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की राज्यभरातल्या शाळांत सहलीचा विषय निघतो. कुणीतरी कोकण सुचवते. एसटीचे भाडे विचारले जाते, मुक्कामाची चौकशी होते, आणि मग एखादे अनुभवी सर किंवा बाई म्हणतात, “समुद्र नको.” चर्चा तिथेच संपते. मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. उद्या काही विपरीत घडले तर पालकांसमोर, पोलिसांसमोर आणि स्वतःच्या मनासमोर त्यांनाच उभे राहायचे असते. त्यांची भीती खरी आहे. त्या भीतीवर आपण शोधलेला उपाय मात्र अपुरा आहे, आणि त्याचा फेरविचार आपल्या खात्याने करावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

१ फेब्रुवारी २०१६ हा दिवस कोकणातला कुणीच विसरणार नाही. पुण्याहून मुरूडला सहलीसाठी आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी १४ जण त्या दुपारी बुडाले. समुद्रकिनारे, तलाव, विहिरी, डोंगर अशा ठिकाणी सहली नेऊ नयेत, अशा सूचना त्यानंतर शाळांकडे गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकात मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर शाळेच्या सहलीतल्या चार मुली बुडाल्या आणि तोच काळोख पुन्हा दाटून आला. अशा प्रत्येक घटनेनंतर समुद्राचे दार लावून घ्यावेसे वाटते. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला दुसरे काही सुचणारही नाही.

पण बंदीनंतर किनाऱ्यावर काय होते ते आम्ही किनाऱ्यावरची माणसे रोज पाहतो. शाळेची बस येत नाही, पण शाळेतली तीच मुले येतात. शनिवारी दुपारी मोटारसायकलींवर, चार-सहा मित्र, सोबत मोठे कुणी नाही. भरती चढते आहे की ओसरते आहे, हे त्यांना ठाऊक नसते. खडकावर टोकाला उभे राहून फोटो निघतात. एकाने कपडे काढून उडी मारली की बाकीच्यांना मागे राहवत नाही. परिपत्रकाने शाळेला किनाऱ्यापासून दूर ठेवले. मुलांना ते दूर ठेवू शकले नाही. दूर राहिला तो फक्त त्यांना शिकवू शकणारा माणूस.

देशात बुडून होणाऱ्या अपघाती मृत्यूंची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ठेवतो. अलीकडच्या वर्षांत हा आकडा वर्षाला ३५ हजारांच्या वर आहे. यात गावातल्या विहिरी आहेत, शेततळी आहेत, कालवे आणि नद्या आहेत. म्हणजे पाण्याशी मुलांची गाठ पडणारच आहे, मग ती किनाऱ्यावर राहोत की बीडमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने बुडण्यापासून बचावासाठी सुचवलेल्या मोजक्या उपायांत शाळकरी मुलांना पोहणे, पाण्यातली सुरक्षितता आणि सुरक्षित बचाव शिकवणे हा एक प्रमुख उपाय आहे. रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण मुलांना घरात कोंडत नाही, हात धरून रस्ता ओलांडायला शिकवतो. पाण्याच्या बाबतीत तो हात आपण सोडून दिला आहे.

किनाऱ्यावरचे चांगले शिबिर कसे असते, हे सविस्तर सांगतो, कारण ‘साहस शिबिर’ म्हटले की केशरी जॅकेट घातलेली, वेगवान बोटीमागे ओढली जाणारी मुले डोळ्यांसमोर येतात. तो प्रकार पर्यटनाचा आहे. मी बोलतो आहे ते तीन-चार दिवसांच्या तंबूतल्या मुक्कामाबद्दल, वीस-पंचवीस मुलामुलींबद्दल, आणि त्यांच्याबरोबर अखंड असणाऱ्या जाणत्या मार्गदर्शकांबद्दल.

अशा शिबिराचा पहिला धडा कोरड्या वाळूवर होतो. मुलांच्या हाती पंचांग देतात. आज तिथी कोणती? षष्ठी. सहाला पाऊणने गुणा. साडेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती पुरी होईल आणि साडेदहाच्या आसपास ओहोटी तळाला जाईल. कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा ठोकताळा मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे सरकावे तशी वेळ थोडी अलीकडे येते. पाऊणच का, हे मुलांनाच शोधू द्यायचे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते, हे त्यांचे त्यांना उमगते, तेव्हा आठवीतले गणित, भूगोल आणि आजोबांचे पंचांग एका वाक्यात येते. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचे छापील तक्ते काढून आपले उत्तर पडताळायचे. वाळूत काठ्या रोवून दर अर्ध्या तासाला पाणी कुठवर आले त्याची खूण करायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी किती वर चढते आणि अष्टमीच्या आसपासच्या भांगात किती कमी, हे एकदा मोजलेले मूल पुढे कधीही तंबू चुकीच्या जागी ठोकत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. परत कधी निघायचे हे ते मूल जाण्याआधीच ठरवते.

दुसरा धडा पाणी वाचण्याचा. लाटा पाणी किनाऱ्याकडे लोटतात. ते पाणी परत जायला वाट शोधते आणि वाळूच्या दांड्यांमधल्या खोल पट्टीतून जोराने समुद्राकडे धावते. त्या पट्टीत लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्या माणसाला तीच जागा सगळ्यांत शांत आणि उतरायला सोयीची वाटते. तिथे ओढला गेलेला माणूस किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने पोहतो, दमतो आणि बुडतो. शिबिरात मुले उंच जागेवर बसून आधी अर्धा तास नुसते पाणी पाहतात. वाळलेली शहाळी पाण्यात टाकून ती कुठे जातात ते बघतात. एक शहाळे किनाऱ्याला परत येते, दुसरे मिनिटभरात आत निघून जाते. त्यानंतर ‘ओढ लागली तर झगडू नका, तरंगत राहा, हात वर करा, ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर सरका’ हे वाक्य फळ्यावर लिहायची गरज उरत नाही.

तिसरा धडा वाऱ्याचा. खारे वारे आणि मतलई वारे आपल्या भूगोलाच्या पुस्तकात आहेत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री ते सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे, एवढे लिहिले की गुण मिळतात. किनाऱ्यावर याच ओळीला वेगळे वजन येते. सकाळी मतलई वारा वाहत असताना काठाजवळचे पाणी गुळगुळीत दिसते, कारण किनारा वारा अडवतो. होडी थोडी आत गेली की तोच वारा तिला पाठीमागून ढकलू लागतो आणि परतताना प्रत्येक वल्हे त्याच्याविरुद्ध मारावे लागते. हे ऐकूनच मुले शांत होतात. म्हणून नवख्या मुलांना कयाक खुल्या समुद्रात द्यायची नसते. ती खाडीत द्यायची असते, चढत्या पाण्याबरोबर कांदळवनात आत जायचे आणि ओहोटीचा जोर वाढण्याआधी परत फिरायचे. तिवरांची चिखलातून वर आलेली श्वासमुळे, फांदीवरचा खंड्या, जाळे टाकणारा गावातला माणूस हे सगळे संथ गतीने जातानाच दिसते.

याखेरीज शिबिरात बरेच काही असते. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर बूट घालून फिरणे, कारण कालवांच्या धारेने पाय चिरतो. उथळ पाण्यात पाय घासत चालणे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट आधीच सरकते. काहीही उचलून न नेणे. हंगाम असेल तर वेळास किंवा आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले पाण्याकडे जाताना लांबून, दिवा न लावता पाहणे. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पे. आपला स्वयंपाक आपण करणे, रात्री जोडीजोडीने तळाची राखण करणे. साहस म्हणतात ते यात जागोजाग आहे, आणि त्यातला बराच भाग पाण्याबाहेरचा आहे.

हे वय निवडण्याचे कारणही सांगितले पाहिजे. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात किशोरवयीन, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना कधी एकटे, कधी समवयस्कांसमोर खेळायला दिले. सोबती पाहत असताना किशोरांनी घेतलेला धोका लक्षणीय वाढला, प्रौढांवर तसा परिणाम दिसला नाही. आपल्याला हे अनुभवाने माहीत असतेच. पंधरा वर्षांचे मूल एकटे असताना समजूतदार असते, टोळक्यात वेगळे होते. त्याला धोक्याची ओढ असते आणि ती वाईट नाही, मोठे होण्याची तीच वाट आहे. त्या ओढीला जागा द्यायची असेल तर शेजारी शांत डोक्याचा मोठा माणूस हवा. किनाऱ्यावर एकटे आलेल्या टोळक्यात नेमका तोच नसतो.

तरुणांना समुद्रावर घडवण्याचा विचार जगाला नवा नाही. १९४१ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही या किनाऱ्यावरच्या गावात शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा सुरू केली. बुडालेल्या जहाजांच्या जीवरक्षक होड्यांत धडधाकट तरुण खलाशी हाय खातात आणि वयस्क खलाशी तग धरतात, असे होल्ट यांना जाणवले होते. तरुणांकडे ताकद होती, समुद्राचा सराव आणि मनाचा टिकाव नव्हता. तो देण्यासाठी ती शाळा निघाली आणि पुढे तिच्या शाखा जगभर गेल्या.

त्याच देशातली दुसरी घटना या पत्राचा गाभा आहे. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस इथून प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलेमुली, त्यांचे एक शिक्षक आणि एका खासगी साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक कयाकमधून खुल्या समुद्रात निघाले. दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचायचे होते. शिक्षकांची कयाक पुन्हा पुन्हा उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला आणि मुलांचा गट वेगळा पडला. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा त्यांना आत नेत राहिला. मदत मागायला त्यांच्याजवळ ना रेडिओ होता ना इशाऱ्याचे अग्निबाण. गट वेळेत आला नाही, तरी तटरक्षकांना खूप उशिरा कळवले गेले. थंड पाण्यात तासन्‌तास काढून चार मुले गेली.

चौकशीत जे बाहेर आले ते समुद्राबद्दल नव्हते. प्रशिक्षकांची पात्रता अगदी प्राथमिक होती. आदल्या वर्षी त्याच केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी सुरक्षिततेबद्दल कळकळीचे पत्र व्यवस्थापनाला लिहिले होते आणि नोकरी सोडली होती. ते पत्र मनावर घेतले गेले नाही. १९९४ साली कंपनी आणि तिचे व्यवस्थापकीय संचालक या दोघांनाही मनुष्यवधासाठी दोषी धरण्यात आले. त्या देशात कंपनीला अशा गुन्ह्यात दोषी ठरवण्याची ती पहिलीच वेळ होती. नंतर प्लिमथच्याच एका खासदाराने मांडलेले विधेयक १९९५ मध्ये कायदा झाले. १८ वर्षांखालील मुलांना पैसे घेऊन जलक्रीडा, प्रस्तरारोहण, गुहाभ्रमण किंवा डोंगरभटकंती करवणाऱ्या केंद्रांना परवाना आणि तपासणी बंधनकारक झाली. ब्रिटनने आपला किनारा मुलांसाठी बंद केला नाही. त्याने विचारले, त्या सकाळी ‘आज नाही’ कुणी म्हणायला हवे होते, आणि ते का म्हटले गेले नाही?

महोदय, माझे सगळे म्हणणे या प्रश्नात आहे. किनाऱ्यावर मुलांचा जीव ज्यामुळे वाचतो, ती गोष्ट जीवरक्षक जॅकेटच्या आधीची आहे. सकाळी पाण्याकडे, आभाळाकडे आणि मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहून ‘आज पाण्यात जायचे नाही’ असे म्हणणारा एक माणूस, आणि त्याचा शब्द शेवटचा मानणारी व्यवस्था. तसे म्हणणे फार अवघड असते. पालकांनी पैसे भरलेले असतात. माहितीपत्रकात कयाकचे चित्र असते. मुले रात्रभर त्याच्याच गोष्टी करत जागलेली असतात. बसचालकाला दुपारी निघायचे असते. मार्गदर्शकाचे मानधन उपक्रमावर ठरलेले असते, उपक्रम झाला नाही तर अर्धेच हाती येते. मी पाहिलेल्या एका शिबिरात अनुभवी मार्गदर्शकाने वारा पाहून फेरी रद्द केली. आयोजकाने त्याचे ऐकले, पण पुढच्या हंगामात त्याला बोलावले नाही. अशा वागणुकीतून इतर मार्गदर्शक काय शिकतात, हे सांगायला नको.

महाराष्ट्राने याबाबत काहीच केले नाही असे नाही. साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी राज्याने २०१४ साली शासननिर्णय काढला, २०१८ मध्ये तो सुधारला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. जमीन, हवा आणि पाणी या तिन्हींवरच्या उपक्रमांच्या आयोजकांसाठी त्यात नोंदणी आहे, सुरक्षिततेच्या मार्गदर्शक सूचना आहेत. ही चौकट पर्यटन विभागाची आहे. शाळेला परवानगी देणारा शिक्षण विभाग आहे. माझ्या ओळखीच्या बहुतेक मुख्याध्यापकांना अशी नोंदणी असते हेच माहीत नाही. त्यामुळे ते आयोजक निवडतात दर पाहून, आणि अधिकारी परवानगी देतात किंवा नाकारतात ठिकाणाचे नाव पाहून. योग्य आयोजकालाही समुद्र म्हणून नकार मिळतो आणि निष्काळजी आयोजकालाही ‘रिसॉर्टमधील मुक्काम’ म्हणून होकार मिळतो.

म्हणून माझ्या काही ठोस मागण्या आहेत.

पहिली, परवानगी ठिकाणावरून न देता आराखड्यावरून द्यावी. सहल आणि शिबिर यांत फरक करावा. मुरूडसारख्या दुर्घटना घडतात त्या बस थांबवून दीडशे मुलांना वाळूवर मोकळे सोडण्याने. तशी सहल किनाऱ्यावर नको, यावर आपले-माझे एकमत आहे. शिबिराने मात्र दिवसवार आराखडा द्यावा. त्यात भरती-ओहोटीच्या वेळा, पाण्यातल्या मुलांमागे मार्गदर्शकांचे प्रमाण, सोबतची बचाव होडी, जवळचे रुग्णालय आणि तिथवर पोहोचायला लागणारा वेळ, आणि पाण्यात जाता आले नाही तर त्या दिवशी काय करायचे, हे लिहिलेले असावे. आयोजकाची नोंदणी शिक्षणाधिकाऱ्याने संकेतस्थळावर स्वतः पाहावी. पावसाळ्यात, मासेमारी बंद असते त्या १ जून ते ३१ जुलैच्या काळात तर नक्कीच, पाण्यातले उपक्रम मुळीच नसावेत.

दुसरी, साधनांबाबत ‘जॅकेट दिले’ एवढ्यावर समाधान मानू नये. ५० न्यूटन उचल असलेले जॅकेट पोहता येणाऱ्याला आधार देते. शुद्ध हरपलेल्या मुलाचे तोंड ते पाण्यावर फिरवेलच असे नाही. त्यासाठी १०० न्यूटन किंवा त्याहून अधिक उचलीचे, मुलाच्या मापाचे, नीट बांधलेले जॅकेट लागते. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आधी श्वास द्यायचा असतो, हे माहीत असलेला आणि तसा सराव केलेला माणूस प्रत्येक गटाबरोबर असावा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक प्रत्येक मुलाला तोंडपाठ असावेत. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचे उंच लाटांचे आणि समुद्रस्थितीचे इशारे आयोजकाने रोज सकाळी वाचून नोंदवहीत उतरवावेत.

तिसरी, स्थानिक माणसाला या रचनेत मानाचे स्थान द्यावे. आपली पुळण, आपल्या खाडीचे तोंड आणि तिथली बदलती वाळू त्या गावच्या तांडेलाइतकी कुणालाच कळत नाही. त्याला ‘मदतनीस’ म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून नेमावे आणि तसे मानधन द्यावे. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडा प्रशिक्षण केंद्र आहे. कोकणातल्या मच्छीमार कुटुंबांतल्या तरुण-तरुणींना जीवरक्षण आणि मुलांसोबत काम करण्याचे प्रशिक्षण या संस्थांमार्फत द्यावे. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून व्यावसायिक जीवरक्षकांची यंत्रणा उभी आहे. आपल्याही गर्दीच्या किनाऱ्यांना ती हवी. मुलींच्या गटासोबत महिला मार्गदर्शक असावी, स्वच्छतागृह आणि पाळीच्या दिवसांची सोय आराखड्यातच लिहिलेली असावी, सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झालेली असावी आणि पॉक्सो कायद्याची जाणीव त्यांना करून दिलेली असावी.

चौथी, तरंगणे शाळेत शिकवावे. सगळ्या शाळांकडे तलाव नाही, हे मला ठाऊक आहे. पण तालुक्याच्या ठिकाणचा तलाव, जिल्हा क्रीडा संकुल किंवा सुरक्षित केलेला गावतलाव वापरून प्रत्येक मुलाला निदान पाठीवर तरंगता येईल इतपत सराव देता येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्यातले दोन दिवस पाण्याला द्यावेत.

पाचवी, ‘थोडक्यात टळले’ अशा घटनांची नोंदवही राज्यपातळीवर ठेवावी. कयाक उलटली पण मूल सावरले, भरती चुकीची मोजली पण वेळेत कळले, अशा नोंदी नाव न देता जमवून दरवर्षी सगळ्या आयोजकांना पाठवाव्यात. ज्याने नोंद केली त्याला शिक्षा होणार नाही, याची हमी असावी. मोठा अपघात अचानक येत नाही, त्याआधी असे अनेक लहान इशारे येऊन गेलेले असतात. लाइम रेजिसला तर तो इशारा पत्रात लिहून दिलेला होता.

खर्चाचा प्रश्न येईल. तो खरा आहे. चांगले शिबिर स्वस्त नसते, आणि स्वस्त केले तर आधी कापला जातो तो मार्गदर्शकांचा आकडा. आज अशी शिबिरे मुंबई-पुण्यातल्या सधन घरांतल्या मुलांनाच परवडतात. शासकीय वसतिगृहातल्या, आश्रमशाळेतल्या, हिंगोली किंवा गडचिरोलीच्या मुलीने समुद्र फक्त नकाशातच पाहिलेला असतो. ज्या राज्याला एवढा लांब किनारा आहे, त्याच्या प्रत्येक मुलाचा त्या किनाऱ्यावर हक्क आहे. सुरुवातीला कोकणातल्या प्रत्येक जिल्ह्यात एखादे शासनमान्य शिबिरस्थळ निवडावे, आतल्या जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांसाठी तिथे राखीव जागा ठेवाव्यात आणि त्यांचा खर्च सरकारने उचलावा. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा बोजा आहे, म्हणून कागदपत्रांची जबाबदारी आयोजकावर टाकावी. शिक्षकाने मुलांबरोबर असावे, फायलींबरोबर नव्हे.

पालकांनाही या पत्रातून सांगायचे आहे. शिबिराला मूल पाठवताना उपक्रमांची यादी विचारण्याआधी विचारा की मागच्या हंगामात तुम्ही किती वेळा पाण्यातली फेरी रद्द केली, आणि का. ज्या आयोजकाला याचे उत्तर देता येते, त्याच्याकडे मूल पाठवा. ‘आमच्याकडे कधीच काही रद्द होत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्याकडे पाठवू नका.

महोदय, वर मागितलेल्या गोष्टींपैकी काहींना वेळ लागेल, काहींना निधी लागेल. एका गोष्टीला दोन्ही लागत नाहीत. पुढच्या सहलींचा हंगाम सुरू होण्याआधी आपण शासननिर्णयात एवढे कलम घालावे : किनाऱ्यावरील प्रत्येक शालेय शिबिरात एका मुख्य मार्गदर्शकाचे नाव लेखी जाहीर असेल. पाणी, वारा किंवा मुलांची अवस्था पाहून उपक्रम थांबवण्याचा त्याचा निर्णय अंतिम असेल. त्या निर्णयामुळे त्याचे मानधन कापले जाणार नाही, आयोजकाच्या नोंदणीला बाधा येणार नाही आणि पालकांना त्या कारणावरून शुल्क परत मागता येणार नाही.

हे कलम असेल तर मुख्याध्यापकांना होकार देण्याचे धैर्य येईल, कारण किनाऱ्यावर नकार देऊ शकणारा माणूस उभा आहे हे त्यांना माहीत असेल. आपण हे करावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
कोकण किनाऱ्यावरचा एक शिक्षक आणि शिबिर मार्गदर्शक